कांद्याचा भाव पानावर बदलतो कसा?

नाशिक - लासलगावच्या लिलावातील कांद्याचा भाव संकेतस्थळावर रोज बदलायचा असेल, तर अख्खे पान नव्याने लिहिण्याची गरज नसते. एचटीएमएल दस्तऐवज वृक्षासारखा असतो. सर्व्हरवरील प्रोग्राम नेमकी फांदी, म्हणजे 'नोड' शोधून तेवढाच आकडा बदलतो. २००४ मधील 'पीएचपी ५'पासून त्यासाठी 'डॉम' ही सोय आहे.

मात्र ठळक अक्षरांचा टॅग नोडमध्ये साधा मजकूर म्हणून भरला, तर पानावर टॅगची चिन्हेच उमटतात. तो आधी एचटीएमएल म्हणून वाचून घ्यावा लागतो. बाहेरून आलेला मजकूर न तपासता असा वाचणे धोक्याचे. त्यातून घातक स्क्रिप्ट शिरून शेतकऱ्याला दिसणारा भावच बदलू शकतो.

मराठीची अडचण वेगळीच. पानात 'यूटीएफ-८'ची नोंद नसेल, तर 'डॉम'ची जुनी 'लोडएचटीएमएल' आज्ञा अक्षरे लॅटिन समजते आणि 'लासलगाव' ओळखूही येत नाही.