पोलरॉइडचा रंग कसा साधावा?

पांढऱ्या चौकटीतले, खालची पट्टी रुंद असलेले, किंचित धुरकट असे चौकोनी छायाचित्र आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिलेले आहे. त्याला लोक सरसकट ‘पोलरॉइड’ म्हणतात. हल्ली मोबाईलमधल्या एखाद्या ॲपचे बटण दाबले की कोणत्याही फोटोला तसे रूप देता येते. गॅदरिंगपासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे ते दिसते. पण त्यातले बहुतेक फोटो खोटे वाटतात. ते का, आणि खरे वाटावेत यासाठी काय करावे लागते, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, रसायनशास्त्र दहावीनंतर सुटले. तेव्हा शास्त्र शाखेच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी थोडा इतिहास. १९४३ साली एडविन लँड हे अमेरिकन संशोधक सहकुटुंब सुट्टीवर असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारले, की काढलेला फोटो आत्ताच का दिसत नाही? २१ फेब्रुवारी १९४७ रोजी लँड यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांसमोर मिनिटभरात फोटो काढून दाखवला आणि १९४८ च्या नोव्हेंबरात पहिला कॅमेरा बोस्टनमध्ये विक्रीस आला. पण त्या फिल्मचे दोन कागद हाताने सोलून वेगळे करावे लागत. आपल्या डोळ्यांसमोर जो पोलरॉइड आहे तो १९७२ चा, ‘एसएक्स-७०’ या कॅमेऱ्याचा. त्यात सोलणे नाही. फोटो बाहेर येतो आणि उजेडात, आपल्यादेखत उमटतो.

त्या खालच्या रुंद पट्टीत एक लहानशी पुडी असते आणि तिच्यात दाट रसायन. फोटो बाहेर पडताना कॅमेऱ्यातले दोन रूळ ती पुडी फोडतात आणि लेप चित्रभर पसरवतात. फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशाला जागणारे तीन थर असतात आणि प्रत्येकाच्या सोबतीला एकेक रंगद्रव्य असते, पिवळे, किरमिजी व निळसर-हिरवे. जेथे प्रकाश पडला तेथील रंगद्रव्य जागीच अडकते, आणि जेथे पडला नाही तेथून ते सुटून वरच्या थरापर्यंत प्रवास करते. हा प्रवास म्हणजेच आपला फोटो. तेव्हा ती रुंद पट्टी काही शोभेची नव्हे. पट्टी चारही बाजूंनी सारखी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. (फोटो हातात धरून हलवण्याचीही गरज नसते. ती सवय जुन्या, ओल्या राहणाऱ्या फिल्मची आहे.)

या प्रवासातूनच त्या रूपाची लक्षणे निघतात. रंगद्रव्य सरकताना किंचित पसरते म्हणून कडा मऊ होतात. फिल्मला उजेड-सावलीचा मोठा फरक सोसत नाही, म्हणून आकाश पांढरे पडते आणि काळा रंग पुरता काळा न होता दुधाळ राहतो. आणि ज्यावर सर्वांत जास्त गफलत होते ती गोष्ट म्हणजे दाणा. पोलरॉइडला डोळ्यांना दिसेल असा दाणा जवळजवळ नसतोच, कारण तो मोठा करून छापलेला नसतो. जेवढी फिल्म तेवढाच फोटो. ॲपवाले मात्र वाळू शिंपडल्यासारखा दाणा टाकतात आणि तेथेच सोंग उघडे पडते.

आता ग्वाल्हेरविषयी, कारण हा सगळा उपद्व्याप मी तेथे केला. लष्कर भागात माझी आत्या राहते. शिंद्यांच्या काळापासून तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांपैकी तिचे सासर एक. तिच्याकडे असा एकच फोटो आहे. १९८१ च्या संक्रांतीला अमेरिकेहून आलेल्या नातलगाने तिच्या सासऱ्यांचा किल्ल्यावर काढलेला. त्यांचा दुसरा रंगीत फोटो घरात नाही. घरातल्या सर्वांचे नवे फोटो त्याच जागी, त्याच रंगात काढून शेजारी लावायचे, अशी आत्याची इच्छा. तिच्या मराठीत निम्मी हिंदी असते. ती म्हणाली, “अगं, पण आधी ह्याचं काही कर ना, दिवसेंदिवस फीका पडत चाललाय.”

जागा मानमंदिराची. राजा मानसिंह तोमर (१४८६–१५१६) याने बांधलेल्या या महालाच्या दक्षिणेकडील भिंतीवर, हाथी पोळ दरवाज्यालगत, निळ्या फरशांचे पट्टे आहेत. त्यांत पिवळी बदके, हत्ती, केळीची झाडे आहेत. रंगाची परीक्षा पाहायला याहून चांगली भिंत मिळणे कठीण. मूळ भिंत आजही गडद निळी आहे आणि फोटोत ती शेवाळी करडी दिसते.

हा बदल कशाने झाला असावा? पोलरॉइडचे रसायन हवामानाला फार हळवे असते. १३ ते २८ अंश सेल्सिअस एवढीच त्याची सुखाची मर्यादा. त्याहून थंडीत फोटो फिकट व निळसर येतो, त्याहून उष्म्यात पिवळा-तांबूस. ग्वाल्हेरात जानेवारीची पहाट पाच अंशांखाली जाते आणि मे महिन्यात पारा ४५ वर चढतो, म्हणजे एकच फिल्म तेथे दोन तऱ्हांनी वागेल. आत्याच्या सासऱ्यांच्या गळ्यात मफलर आहे, अंगात स्वेटर आहे. तो फोटो नवा असताना पिवळट असण्याचे कारण नाही. हा पिवळेपणा नंतरचा, वयाचा आहे. त्या काळच्या पोलरॉइडवर अंधाऱ्या अल्बममध्येसुद्धा पिवळी छटा चढते.

आपण ज्याला जुन्या पोलरॉइडचा रंग म्हणतो त्यात अशा रीतीने दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, फिल्मचा स्वभाव आणि तिचे म्हातारपण. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी याच किल्ल्याची छायाचित्रे काढली. त्या काळातल्या, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरच्या प्रती आज पिवळ्या-तपकिरी दिसतात आणि आपण त्याला ‘जुन्या काळाचा रंग’ म्हणतो. काढणाऱ्याच्या मनात तो तसाच होता असे नव्हे. मला विचाराल तर नव्या फोटोला फिल्मचा स्वभाव द्यावा, म्हातारपण देऊ नये. चार वर्षांच्या नातवाला पिवळा करून आजोबांच्या शेजारी बसवणे मला तरी पटले नाही. आत्यालाही ते पटले, पण थोड्या वादानंतर.

प्रत्यक्ष कृती अशी. माणूस दीड-दोन मीटरवर उभा करावा, ऊन समोरून किंवा किंचित बाजूने पडू द्यावे. मोबाईलचा रुंद कोन टाळावा. फोटो चौकोनी कापावा. मग संपादनात काळ्याची पातळी थोडी वर उचलावी, म्हणजे स्वेटरच्या घड्या दुधाळ होतील, आणि पांढऱ्याची थोडी खाली आणावी. सावल्यांत निळसर-हिरव्याचा आणि उजळ भागात पिवळ्याचा अगदी चिमूटभर अंश घालावा. सगळे रंग एकदम फिके करू नयेत. मी फक्त निळा व हिरवा उतरवला आणि तांबडा बराचसा राहू दिला, त्यामुळे भिंत शांत झाली पण चेहरे मेले नाहीत. तीक्ष्णता कमी करावी, कोपरे किंचित गडद करावेत. दाणा शून्य.

चौकटीचे माप नीट घ्यावे. पूर्ण प्रत ८८ बाय १०७ मिलिमीटर, आतले चित्र ७९ मिलिमीटर चौरस, खालची पट्टी सुमारे दोन सेंटिमीटर. चौकट शुभ्र न ठेवता किंचित सायीच्या रंगाची ठेवावी, छपाई चकचकीत कागदावर करावी आणि कात्रीने कापावे. नेहमीच्या चार बाय सहा इंची कागदावर एक प्रत आरामात बसते.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा खरीच फिल्म का आणू नये? अवश्य आणावी. २००१ साली पोलरॉइड कंपनीचे दिवाळे निघाले, २००८ मध्ये फिल्मचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले, पण नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथला शेवटचा कारखाना काही जणांनी मिळून वाचवला आणि फिल्म पुन्हा निघू लागली. एका खोक्यात फोटो आठच. फुजीची १९९८ पासूनची ‘इन्स्टॅक्स’ आपल्याकडे सहज मिळते, तिच्यात दहा असतात. तरीही एका फोटोला पन्नास रुपयांहून अधिक पडतात आणि घरातली माणसे चौदा, त्यातली तीन डोळे मिटणारी. हिशेब ज्याचा त्याने करावा.

राहिला तो जुना फोटो. झटपट फिल्मला निगेटिव्ह नसते. आहे ती प्रत एकमेव. म्हणून इतर काही करण्याआधी मी तिची नक्कल घेतली. सपाट काचेच्या स्कॅनरवर, इंचाला १२०० ठिपक्यांच्या मापाने, रंग सुधारण्याची सगळी बटणे बंद ठेवून. ही पहिली फाइल पिवळ्या डागांसकट तशीच जपून ठेवायची. दुरुस्ती करायची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर. स्कॅनर नसेल तर सावलीतल्या खिडकीशी, कॅमेरा फोटोला समांतर धरून, चमक टाळून फोटो काढला तरी चालते. चौकट कापू नये आणि थर सोलून पाहू नयेत, कारण आतले रसायन दाहक असते. चिकटपट्टीच्या अल्बममधून काढून तो साध्या कागदी पाकिटात, घरातल्या सर्वांत थंड व कोरड्या कपाटात ठेवावा. मागच्या बाजूस पेन दाबून काही लिहू नये, नाव व साल पाकिटावर आधी लिहावे आणि मग फोटो आत घालावा. भिंतीवर लावायची ती नक्कल. आत्याच्या दिवाणखान्यात आता तीच आहे, नव्या फोटोंच्या मधोमध.