फुगा की फाटा?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियनला धास्ती सोन्याची नसते, सेफ्टी पिनेची असते. चंदगडहून आलेल्या मावशींनी मंगळसूत्र, जोडवी सुनेकडे दिली, गाऊन घातला, पण बांगडीत अडकवलेली पिन तशीच. आतलं दीड टेस्लाचं चुंबक रात्रीसुद्धा बंद नसतं. "मावशी, ही पिन बी काढा," म्हणत त्यानं दोन्ही मनगटं स्वतः चाचपली.

आई आणि थोरला भाऊ, दोघांनाही मेंदूत रक्तस्राव झालेला. म्हणून ही तपासणी: मेंदूतल्या एखाद्या धमनीला फुगा आलाय का, ते बघायला. कानात इअरप्लग, डोक्यावर कॉईल, आणि ताकीद एकच: हलायचं नाही. मग ठकठक सुरू.

यात औषध टोचत नाहीत. मेंदूच्या एका थरावर रेडिओलहरींचा सतत मारा होतो. जागच्या पेशी त्यानं फिक्या पडतात, मानेतून नव्यानं वर चढलेलं रक्त मात्र उजळ उमटतं. शिरांमधून वरून परतणारं रक्त आधीच विझवतात. पडद्यावर उरतं ते विलिसचं वर्तुळ, मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं. थॉमस विलिसनं १६६४ मध्ये ते पुस्तकात मांडलं, तेव्हा त्यातली बरीच चित्रं ख्रिस्तोफर रेननं काढली होती. पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा तोच.

पडद्यावर गरगर फिरणारं चित्र देखणं असतं, पण रेडिओलॉजिस्ट त्यावर विसंबत नाहीत. एकमेकींवरून गेलेल्या दोन धमन्याही त्यात फुग्यासारख्या दिसतात. उलट, खऱ्या मोठ्या फुग्यात रक्त घुटमळलं तर तो आहे त्याहून लहान दिसतो. शेवटी दिसतं ते वाहणं. धमनीची भिंत नव्हे.

म्हणून मूळचे पातळ काप एकेक करून बघायचे. मावशींच्या उजव्या बाजूला, मागच्या जोडधमनीच्या उगमाशी, जेमतेम दोन मिलिमीटरचा उंचवटा होता. माऊसचं चाक पुढे, मागे, पुन्हा पुढे. नरसाळ्यासारखा आकार असून त्याच्या टोकातूनच धमनी निघत असेल तर ती जन्मजात ठेवण. धमनी बाजूनं निघून उंचवटा वेगळाच उरला तर फुगा. केसाएवढी रेघ सापडली. टोकातूनच निघाली होती.

"फुगा नाही, फाट्याचं तोंड रुंद आहे," डॉक्टरांनी सुनेला सांगितलं.

"म्हणजे परत यायला नको?"

"यावं लागेल. घरात दोघांना झालंय. कधी यायचं ते न्यूरोचे डॉक्टर सांगतील. तेव्हा ही सीडी घेऊन या, नुसता रिपोर्ट नको."