वाईनचा फ्रीज आणि चमचाभर मीठ

मिरजगावहून एका वाचकांनी विचारलंय : पुतण्याने परदेशातून येताना सिगारची पेटी आणली, ती उन्हाळ्यात महिन्याभरात वाळून कुरकुरीत झाली. त्याच पुतण्याने शहरातलं बिऱ्हाड हलवताना वाईनच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रीज गावी पाठवून दिलाय. त्याचाच सिगार ठेवायचा डबा, म्हणजे ‘ह्युमिडॉर’, घरच्या घरी करता येतो म्हणे. खरं का?

खरं आहे, शौकीन मंडळी करतात. मात्र तो फ्रीज ज्या गारव्यासाठी विकला जातो, त्या गारव्याचं इथे फारसं काम नाही. आणि आधीच सांगून टाकतो, काही मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असते आणि कॅन्सर काही पेटीची किंमत बघून येत नाही. पण प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे आणि झकास आहे.

सिगारला हवी असते ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २० अंश तापमान. आता मिरजगावची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातली, मे महिन्यातली दुपार घ्या. पारा ४० अंशांवर, आर्द्रता २० टक्के. ओठ फुटतात, दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. या हवेत पाणी नाहीच असं आपल्याला वाटतं. हिशोब मात्र वेगळंच सांगतो. ४० अंशांची एक घनमीटर हवा सुमारे ५१ ग्रॅम बाष्प सामावू शकते, त्याचे २० टक्के म्हणजे १० ग्रॅम. हीच हवा १८ अंशांपर्यंत गार केली तर तिची क्षमता उरते साधारण १५ ग्रॅम. गार होताना ती थोडी आकसते हेही धरलं, की आर्द्रता येते ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बाहेरून एक थेंबही पाणी न घालता मिरजगावची रखरखीत दुपार क्युबाच्या सिगारला मानवेल अशी होते! हे गणित मला इतकं आवडलं की मी ते पुन्हा करून पाहिलं.

मग फ्रीजमध्ये उघडी ठेवलेली कोथिंबीर का सुकते? कारण आतली हवा सगळीकडे सारखी गार नसते. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये मागची थंड पट्टी बाकीच्या कप्प्यापेक्षा कितीतरी गार असते. हवा फिरत फिरत तिला टेकते, बाष्पाचं दव होतं आणि ते नळीवाटे बाहेर जातं. पट्टी ४ अंशांवर असेल, तर तिला शिवून आलेली हवा १८ अंशांवर परतल्यावर तिच्यात जेमतेम ४० टक्के आर्द्रता उरते. डब्यातला सगळ्यात गार पृष्ठभाग आर्द्रता ठरवतो, दारावर चमकणारा तापमानाचा आकडा नाही. १८ अंश आणि ७० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या जरा वर आहे. पट्टी त्याखाली गेली की सिगारचं पाणी चोरीला जायला सुरुवात झालीच.

म्हणून शौकीन पसंत करतात ते बिनकॉम्प्रेसरचे छोटे फ्रीज. त्यांत पेल्टियर चकती असते. विजेचा प्रवाह सोडला की तिची एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. ती कॉम्प्रेसरच्या पट्टीइतकी गार होत नाही आणि इथे तोच तिचा गुण ठरतो.

ज्याँ पेल्टियर हा फ्रान्समधला घड्याळजी. वारशाने पैसा मिळाला तसा त्याने धंदा सोडला आणि विज्ञानाच्या नादी लागला. १८३४ मध्ये त्याला दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून प्रवाह गेला की तिथलं तापमान विचित्र वागतं. दिसलं खरं, पण त्याचा अर्थ त्याला नीट लागला नाही. तो लावला हाइनरिख लेंझने. शाळेत ‘लेंझचा नियम’ पाठ करतो, तोच हा. विद्यार्थी असतानाच तो कोत्सेबू या रशियन दर्यावर्दीच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेला होता आणि महासागराच्या पोटातलं पाणी वर ओढून त्याचं तापमान नि खारटपणा मोजत होता. गारव्याशी त्याची जुनी ओळख! १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्याने बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर छोटासा खळगा केला, त्यात पाण्याचा थेंब ठेवला आणि प्रवाह सोडला. थेंब गोठला. प्रवाहाची दिशा उलटी केली. बर्फ वितळला. याहून देखणा प्रयोग सांगा पाहू! तरी चकतीला नाव मिळालं पेल्टियरचं, आणि लेंझच्या वाट्याला आला परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न. पुढे गोल्डस्मिड या भौतिकशास्त्रज्ञाने बिस्मथ टेल्युराइड वापरून १९५४ मध्ये या कल्पनेला उपयोगाचं रूप दिलं. आजच्या चकत्या त्याच पदार्थाच्या असतात.

आता मिरजगावची अडचण. अशी चकती डब्याला खोलीपेक्षा फार तर पंधरा-वीस अंशांनी गार करू शकते, आणि तेवढ्यासाठीही कॉम्प्रेसरच्या कितीतरी पट वीज खाते. खोलीत ४० अंश असताना ती रात्रंदिवस धडपडत राहणार, आणि भारनियमन आलं की तेही थांबणार. जाणकारांपैकी कित्येक जण त्या फ्रीजचा प्लगच लावत नाहीत. दाराचं रबर घट्ट, भिंती जाड, आत लाकडी फळ्या : एवढ्यासाठीच तो हवा. पाणी निथळायचं भोक मात्र बुजवायचं. फळ्या ‘स्पॅनिश सीडर’च्या असाव्यात असं म्हणतात. हे झाड मुळात अमेरिका खंडातलं, आणि देवदाराशी त्याचा काही संबंध नाही. ते कडुलिंबाच्या कुळातलं आहे.

पाण्याचा कारभार मिठावर सोपवावा. आधी त्यानेच आर्द्रतामापक तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं दिसेल इतपतच पाणी घाला, विरघळवू नका. झाकण आणि आर्द्रतामापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. मापकाने ७५ दाखवायलाच हवेत. ७१ दाखवले तर मापक चार टक्क्यांनी कमी बोलतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. हवा कोरडी असली की हा लगदा पाणी सोडतो, दमट असली की ओढून घेतो, आणि ७५ वर येऊन थांबतो. किराणा दुकानातल्या मिठालाही हे जमतं. सिगारला ७५ जरा जास्तच, पण वेगळा क्षार घेतला की आकडा बदलतो. पोटॅशियम आयोडाइडचा मुक्काम ६९ टक्क्यांच्या आसपास. सिगारसाठी विकत मिळणाऱ्या पुड्यांत अशीच क्षारांची घट्ट द्रावणं भरलेली असतात. मोबाइलशी बोलणारे ‘स्मार्ट’ ह्युमिडॉर यापेक्षा फार काही करतात असं मला वाटत नाही.

गंमत म्हणजे ६५ ते ७० हा आकडा नगर जिल्ह्याला परका नाही. कांद्याच्या चाळीत हीच आर्द्रता लागते, फक्त तापमान २५ ते ३० अंश. त्याहून दमट हवेत कांदा सडतो, कोरड्या हवेत वजन घटतं. आणि विडीचं म्हणाल, तर नगर-संगमनेरच्या विडी वळणाऱ्या बायका तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. पान कात्रीखाली चिरलं तर वाया, फार ओलं राहिलं तर पुढे बुरशी. पान तयार झालं की नाही, हे त्यांची बोटं सांगतात. वळून झालेल्या विड्या मग शेकून कोरड्या करतात. सिगारचं बाहेरचं आवरणही तंबाखूच्याच पानाचं. ते कोरडं पडलं की तडकतं, म्हणून तिला जन्मभर ओलसर ठेवावं लागतं.

गारव्याचं एकच खरं काम उरतं : किडा मारणं. लॅसिओडर्मा नावाचा हा तपकिरी भुंगेरा तंबाखू पोखरतो, तसाच हळदीला आणि सुंठीलाही लागतो. तीस अंशांच्या आसपास तो जोमाने वाढतो, म्हणजे आपल्याकडे बहुतेक वर्षभर. सिगारवर टाचणीएवढी भोकं दिसली तर ती पेटी वेगळी काढा. बाकीच्या सिगार दोन पिशव्यांत घट्ट बांधून चार-पाच दिवस घरच्या मोठ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, आणि त्यानंतरच बाहेर काढा. पिशवी मात्र सिगार खोलीइतक्या गरम होईपर्यंत उघडू नका. नाहीतर मघाचंच दव थेट तंबाखूवर बसेल.