सुमोचं रबर आधी म्हातारं होतं

टाटा सुमोचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक सुमो जुनीच. तरी घाटातल्या वडापला, लग्नाच्या वऱ्हाडाला, डोंगरातल्या एखाद्या शेतघराच्या अंगणात ती अजून दिसते. 1994 साली पुण्यातून ही गाडी बाजारात आली. टाटांच्या टेल्को कंपनीला घडवणारे सुमंत मुळगावकर 1989 मध्ये गेले, त्यांच्या नाव-आडनावाची पहिली अक्षरं तिला मिळाली. भक्कम चेसी, तिच्यावर बसवलेली बॉडी, मागे पाटे आणि सुरुवातीच्या गाड्यांत 1,948 सीसीचं साधं डिझेल इंजिन. टर्बो नाही, संगणक नाही. म्हणूनच घरच्या घरी हात घालायला याहून चांगली गाडी मला ठाऊक नाही.

जुनी सुमो घेणारा माणूस इंजिनाला भितो. ऑइल आणि पाणी वेळेवर मिळालं तर ते इंजिन सहज दमत नाही. आधी म्हातारं होतं ते रबर. रेडिएटरचे होज, फॅन बेल्ट, पाट्यांचे बुश, इंजिनाचं फाउंडेशन, ब्रेकच्या सिलिंडरातलं किट, डिझेलच्या नळ्या. उन्हाने, उष्णतेने, तेलाने हे सगळं कडक होतं, चिरतं, आणि दोष मात्र इंजिनाच्या माथी जातो.

डिझेलच्या नळीचंच बघा. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडते. मेकॅनिक आधी हीटर बदलायला सांगतो, मग पंप-नोझल उतरवायची भाषा सुरू होते. खाली जमिनीवर डिझेलचा एक थेंब नसतो, त्यामुळे नळीकडे कोणाचं लक्षच जात नाही. पण टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्यामुळे बारीक चीर गेलेली नळी गाडी चालू असताना डिझेल गळू देत नाही, बाहेरची हवा आत घेते. रात्रभर गाडी उभी राहिली की डिझेल मागे टाकीकडे सरकतं. पंपाच्या अलीकडे थोडी पारदर्शक नळी जोडून बघावी. बुडबुडे दिसले तर रोग सापडला. नळी आणि क्लिप बदलायची, फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करायचा आणि हँडपंप मारत राहायचं. फेसाळ डिझेल येतं, मग सलग धार येते, तेव्हा स्क्रू आवळायचा. पंप-नोझलच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही, आणि ते पहिल्या सेल्फला धडधडणारं इंजिन ऐकण्यातला आनंद वेगळाच.

फॅन बेल्टकडे तर दर महिन्याला टॉर्च मारून बघावं. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांप्रमाणे सुमोतही तो डायनामोच्या पाठीला असतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं, पाणी फिरायचं थांबतं आणि दोनचार वेळा पेडल दाबल्यावर ब्रेकही जड होतो. आंबेनळी घाटाच्या उतारावर हे घडू नये.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदलावंच. पाटे आणि बॉल जॉइंट पावसाळ्यानंतर खालून धुऊन बघावेत, निपल असतील तिथे ग्रीस मारावं. कोकणातून आलेली गाडी असेल तर चेसीच्या आतल्या बाजूला आणि दारांच्या तळाशी बोटाने दाबून पाहावं. दाराच्या खालची पाणी जायची भोकं मातीने बुजली की पत्रा आतून सडतो, आणि तो रंगाखाली लपून राहतो.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. लोखंडी स्टँड लावावेत, चाकांना दगड द्यावेत. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नये. जुनं कुलंट अंगणात सांडलेलं राहू देऊ नये. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री चाटतात. पंप-नोझलची सेटिंग मात्र घरी करायची गोष्टच नाही. ती यंत्रावर मोजूनच होते, तिथे पंपवाल्याकडेच जावं.

पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीची तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्याआधी रबराचा सगळा संच एकदाच बदलावा असं माझं ठाम मत आहे. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जाताना जुना भाग पिशवीत घालून न्यावा. सुमोत व्हिक्टा, ग्रँडे, गोल्ड असे बरेच अवतार झाले, आणि काउंटरवर नुसतं ‘सुमोचा होज’ म्हटलं तर भलताच हाती पडतो. बेल्ट दोन घ्यावेत. एक लावावा, दुसरा पान्यासकट सीटखाली ठेवावा.