सक्तीच्या लाटा, सवयीचा पट्टा

वेताळ टेकडीच्या अंगाखांद्यावर ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था १९६६ पासून उभी आहे. भोसरीला ‘सीआयआरटी’ ही रस्तेवाहतुकीच्या अभ्यासाची संस्था आहे. मोटारीतला सीटबेल्ट कसा असावा, तो गाडीच्या सांगाड्याला कुठे नि कसा बांधावा, त्याने किती ताण सोसावा, याची देशाची मानकं पुण्यातून प्रसिद्ध होतात. २०२३ साली सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ या मोटारींच्या धडक-चाचण्यांच्या गुणांकनाचं कामकाजही भोसरीतूनच चालतं. पट्टा जीव कसा वाचवतो, हे देशात सर्वांत जवळून पाहणारं शहर कोणतं, तर पुणं. आणि डोकं किंवा छाती वाचवणारा कायदा रस्त्यावर उतरला की सर्वांत मोठा वाद घालणारं शहरही पुणंच. गेल्या साडेतीन दशकांकडे वळून पाहताना ही विसंगती मनाला लागते.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२९ मध्ये दुचाकीस्वाराला हेल्मेट बंधनकारक होतं. नव्वदच्या दशकात मोटारींच्या पुढच्या आसनांना पट्टे आले, मग मागच्या आसनांना आले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ क्रमांकाच्या नियमाने चालक, त्याच्या शेजारचा आणि मागे समोर तोंड करून बसलेला, अशा सगळ्यांना पट्टा लावायला सांगितलं. म्हणजे कागदावर फार काही राहून गेलं नव्हतं. राहून गेलं ते रोजच्या रोज पाळणं आणि पाळायला लावणं.

पुण्यात हा प्रश्न दुचाकीभोवती फिरत राहिला, आणि त्याला कारण आहे. सायकलींचं शहर बघता बघता स्कूटर, लूना आणि मोटारसायकलींचं झालं. बसवर भरवसा ठेवून कामावर वेळेत पोचणं अवघड, म्हणून घरटी एक दुचाकी आली, मग दोन आल्या. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. अशा शहरात हेल्मेटचा नियम म्हणजे जवळपास प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर आलेला नियम होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी राज्यभर हेल्मेटसक्तीची घोषणा केली आणि पुण्यातून लगेच विरोध उठला. त्याच वर्षी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी योजना पुढे आली आणि थोड्याच दिवसांत मागे घेतली गेली. १ जानेवारी २०१९ पासून पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी शहरात कडक अंमलबजावणी सुरू केली. पहिल्याच आठवड्यात हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीचा मोर्चा निघाला, पुणेरी पगड्या घातलेले मोर्चेकरी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आले. जूनमध्ये शहरातले आमदार मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना भेटले आणि रस्त्यात अडवून होणारी कारवाई सैलावली. २०२२ च्या एप्रिलपासून जिल्हाधिकाऱ्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांना हेल्मेट बंधनकारक केलं. त्यावरही, सगळ्यांना की फक्त कर्मचाऱ्यांना, अशी चर्चा शहरभर रंगली.

विरोधकांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नव्हते. मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मंडईत गेल्यावर हेल्मेट ठेवायचं कुठे, आधी खड्डे बुजवा मग पावत्या फाडा. यातला शेवटचा मुद्दा तर पूर्ण खरा आहे. पण सर्वांत जास्त वेळा बोलला गेलेला मुद्दा होता, ‘पेठेतून पेठेत जायला वेग असतो कुठे?’ त्याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने धडकणं म्हणजे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडणं. ताशी ५० चा वेग असेल तर ही उंची दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तिसऱ्या मजल्याची होते. कर्वे रस्त्यावर रात्री नऊनंतर ५० चा वेग कोणालाही विशेष वाटत नाही. मोटारीतही गणित हेच: मोटार धडकून थांबते, आतला माणूस मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला धरून ठेवायला पट्ट्याखेरीज काही नसतं. एअरबॅगसुद्धा पट्टा लावलेल्या माणसासाठीच आखलेली आहे.

‘आधी रस्ते नीट करा’ या म्हणण्याचं वजन शहराबाहेर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कळलं. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या या सुमारे ९४ किलोमीटरच्या मार्गाने मराठी माणसाचं पुष्कळ काही हिरावून नेलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. २३ डिसेंबर २०१२ ला अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले, पेंडसे यांचा लहानगा मुलगाही गेला. दुभाजक ओलांडून येणाऱ्या वाहनापुढे समोरच्या चालकाची दक्षता अपुरी पडते, हे त्या दुःखाने सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. दुभाजकावर तारांचे रोधक हवेत ही मागणी जोर धरू लागली आणि पुढे ते बसलेही. २०१६ मध्ये रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ यांनी हा मार्ग शून्य-मृत्यू करण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या एका वर्षात तिथे १५१ माणसं मेली होती. प्रत्येक अपघाताची जागा तपासून रस्त्याकडेचे जीवघेणे अडथळे हटवले, उघड्या कडांना कठडे लावले, वेगावर लक्ष ठेवलं आणि पुढच्या वर्षांत मृत्यूंची संख्या लक्षणीय खाली आली. रस्ता सुधारणं आणि पट्टा लावायला लावणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात, हा या मार्गाने दिलेला धडा आहे.

दरम्यान २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९४-ब आलं. पट्टा नसेल तर १००० रुपये दंड, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवलं तरी तेवढाच. देशात हे १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं, महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड थांबवले आणि ते अमलात यायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्याआधीच, १ जुलै २०१९ पासून, नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांसाठी इशाऱ्याचा आवाज बंधनकारक झाला होता. त्या आवाजाने मोठं काम केलं. त्याच्याशी हुज्जत घालता येत नाही, त्याला ओळख सांगता येत नाही. पुढच्या आसनावरचा पट्टा पुणेकरांच्या अंगवळणी पडला त्यात मोर्चे-भाषणांपेक्षा या आवाजाचा आणि चौकातल्या कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

मागचं आसन मात्र तसंच राहिलं. १४ ऑगस्ट २०२२ ला राजकीय नेते विनायक मेटे द्रुतगती मार्गावर अपघातात गेले. तीनच आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. हे दोघे मागे बसले होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या आसनावरचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मग देशभर मागच्या पट्ट्याची चर्चा झाली, मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरपासून तो सर्व प्रवाशांना बंधनकारक केला. त्या आधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, देशात पट्टा न लावलेली १६,३९७ माणसं मेली होती. त्यांतले ७,९५९ प्रवासी होते. त्यांच्यासाठी कुठेही मोहीम निघाली नव्हती. आणि २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या खोट्या बक्कलांच्या १३ हजारांहून अधिक जाहिराती विक्रीच्या संकेतस्थळांवरून काढायला लावाव्या लागल्या.

या सगळ्या वर्षांतून मला एकच गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याकडे कायदा कायमचा आला, पण अंमलबजावणी लाटेसारखी आली. नवा आयुक्त आला, नामवंत माणूस गेला, न्यायालयाने कान उपटले, की पंधरा दिवस चौकाचौकांत पावत्या. मग विरोध, मग शिथिलता, मग विसर. अशा लाटेतून लोक मोहीम संपायची वाट पाहायला शिकतात. दंड हजाराचा असो की दोनशेंचा, तो आज नक्की होणार ही खात्री नसेल तर त्याचा धाक उरत नाही. २०२४ पासून द्रुतगती मार्गावर वेग, मार्गिका आणि पट्टा टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. तीच अखंड दक्षता शहरात हवी. सोबत खड्डे, अंधारे चौक आणि नवले पुलासारख्या जीवघेण्या उतारांचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे द्यायला हवा. २०२२ च्या नोव्हेंबरात त्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली होती.

घराघरांत करायचं काम त्याहून सोपं आहे. मागे आजी बसलेली असो, पाहुणे असोत की क्लासहून आणलेली मुलं, सगळ्यांचे पट्टे लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पोलीस दिसो न दिसो, अंतर अर्धा किलोमीटर का असेना.