भंगारातला रोबो

रिमोटचे धड, वायरीचे हात, कीबोर्डच्या बटणांचे डोळे. मुले भंगारातून झकास रोबो उभा करतात. येडशीसारख्या गावात बंद रिमोट, चार्जर घरोघरी पडलेले असतात. पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून मुलांना विज्ञान शिकवले, तेव्हा या खेळाला आमची ना नाही.

मात्र आतली सर्किटची पाटी मुलांना देऊ नका. जुन्या पाटीवरच्या सोल्डरच्या डागात शिसे असते. हात तोंडात गेला की ते पोटात जाते. शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहानग्यांच्या मेंदूला ते बाधते, पुढे अभ्यासात लक्ष लागत नाही. पाटी घासणे, तापवणे तर नकोच. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचली की पेट घेते. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. आणि तांब्यासाठी वायर जाळतात, तो धूर गरोदर बाईलाही घातक.

माउस, रिमोट मोठ्यांनी उघडावेत, सेल आधी काढावेत. मुलांना कवच, बटणे, स्क्रू द्यावेत. धाकट्यांना स्क्रूपासून लांब ठेवावे, ते गिळतात. काम अंगणात करावे, भाकरीला बसण्याआधी साबणाने हात धुवावेत. उरलेली पाटी, बॅटरी चुलीत टाकू नये. वेगळ्या डब्यात, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवावी.