चैत्यभूमीचा समुद्र आणि आपली मुले

डिसेंबर उजाडला की आमच्या सोलापुरातील वस्त्या-वस्त्यांतून दादरची तयारी सुरू होते. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रांगेत तासन्‌तास उभे राहून बाबासाहेबांना अभिवादन झाले की मुले धावतात ती थेट समुद्राकडे. सोलापूरच्या मुलांना समुद्राचे केवढे अप्रूप!

मागे एकदा आमच्या सोबतच्या आजींनी त्याच पाण्याने नातवाचे तोंड धुतले, चूळही भरायला लावली. आम्ही हटकले, तर म्हणाल्या, “बाबासायबांच्या पायाजवळचं पानी वंगाळ कसं आसंल?” आम्ही म्हणालो, “आजी, तीर्थ मानायचं आपण १९५६ लाच सोडलं की!”

चैत्यभूमीलगत २०२२ मध्ये माता रमाबाई आंबेडकरांच्या नावाची प्रेक्षक गॅलरी झाली. ती बांधली आहे पावसाळी नाला समुद्राला मिळतो त्या मुखावर. मुंबईतले नाले नावालाच पावसाचे. ज्या झोपडपट्ट्यांपर्यंत गटारवाहिनी पोहोचली नाही, तिथले सांडपाणी नाल्यांतूनच वाहते. जवळच माहीमच्या खाडीत मिठी नदी अशीच घाण घेऊन येते. वरळी आणि वांद्र्याहून समुद्राखालून तीन किलोमीटरहून लांब बोगदे नेले. पण त्यांतून वर्षानुवर्षे सोडले गेले ते केवळ चाळलेले, वाळू-कचरा काढलेले सांडपाणी. विष्ठेतले जंतू चाळणीत अडकत नाहीत. समुद्रस्नानासाठी सरकारी दंडक आहे, १०० मिलिलिटर पाण्यात असे जंतू १०० पर्यंत. मुंबईच्या किनाऱ्यांवर तो वारंवार मोडला आहे. हगवण, कावीळ, विषमज्वर यांची वाट हीच. कालवे, तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात. जंतू त्यांच्या पोटात साठतात.

आणि ही गटारे साफ करायला उतरतो कोण? २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे हा गुन्हा आहे. तरी माणसे गुदमरून मरतात. मेलेल्याची जात विचारावी लागत नाही.

आम्हा सोलापूरकरांना मुंबईला नावे ठेवायची सोय नाही. पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेतून उजनीत येते आणि उजनीचेच पाणी आम्ही पितो. मात्र ते शुद्ध करून नळाला येते. चौपाटीवरच्या लाटेला कोण शुद्ध करणार?

मुंबईत सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. ६ डिसेंबरच्या सोयींसाठी आपली मंडळे पालिकेला निवेदने देतात. त्यांत या केंद्रांच्या कामाचाही जाब विचारावा. मातांनी मुलांना समुद्र जरूर दाखवावा, पण कोरड्या वाळूत उभे राहून. पाय भिजलेच तर शिवाजी पार्कवरच्या पालिकेच्या नळावर हात-पाय साबणाने धुवावेत आणि मगच भाकरीचे गाठोडे सोडावे.